अभिनंदनाखालची लिंक

पंचशीलाताईंनी लिंकवर बोट ठेवलं आणि पुस्तकाऐवजी निमंत्रणपत्रिका उघडली. 'ग्रंथप्रकाशन सोहळा', त्याखाली पाहुण्यांची नावं, आणि सगळ्यात खाली 'कार्यक्रमानंतर अल्पोपाहाराची सोय केली आहे'. त्यांनी मागे येऊन दुसऱ्या माणसाच्या पोस्टमधली लिंक उघडली. तीच पत्रिका. आणखी एक उघडली. पुन्हा अल्पोपाहार.

मग त्यांनी मला फोन लावला.

"रवी, तुझ्या कोडात काही घोळ हाय का रे?"

"का ताई?"

"सरांच्या पुस्तकावर क्लिक केलं की पोहे येऊन राहिलेत."

मी रविकिरण. लातूरला सॉफ्टवेअरचं काम करतो. ताई अहमदपूरच्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहेत. त्यांच्या ग्रंथालयात संगणकाची यंत्रणा बसवायला मी गेलो होतो, तेव्हा ओळख झाली आणि त्यांच्या पीएच.डी.चं तांत्रिक काम माझ्याकडे आलं. कोडात घोळ नव्हता. तसं मी तपासून सांगितलं, आणि सांगताना मला बरं वाटलं. त्यांना वाटलं नाही. कोड चुकला असता तर दुरुस्त करता आला असता.

तो सोमवार होता. शुक्रवारी त्यांची मुदत संपत होती. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती, आता आणखी मिळणार नव्हती. शुक्रवारी पाचच्या आत मार्गदर्शकांची सही घेऊन प्रबंध नांदेडला जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि इतक्या वर्षांचं काम पाण्यात. आणि मार्गदर्शक म्हणजे तेच सर, ज्यांच्या पुस्तकाच्या जागी पत्रिका उघडत होती.

ताईंचं पूर्ण नाव पंचशीला मारोती सोनकांबळे. गाव कंधार तालुक्यातलं. वडील रस्त्याच्या कामावर मजूर होते. आई कोंडाबाई अजून गावीच असतात आणि लेकीच्या पीएच.डी.ला 'ती तुझी परीक्षा' म्हणतात. "झाली का ती तुझी परीक्षा? का मी मेल्यावर होणार?" असं फोनवर विचारतात. ताई नांदेडला वसतिगृहात राहून शिकल्या. ग्रंथपाल का झालात, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "खोलीत पंखा नव्हता, ग्रंथालयात होता. सगळा उन्हाळा तिथंच बसून काढला. मग वाटलं, इथंच नोकरी लागली तर बरं."

नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारी बाई विद्यार्थिनी म्हणून घ्यायला कुणी तयार नव्हतं. "रजा मिळणार नाही, काम होणार नाही" म्हणून दोघा-तिघांनी परत पाठवलं. डॉ. भगवानराव मुसांडे सरांनी अर्ज वाचला आणि एवढंच विचारलं, "विषय काय डोक्यात हाय?" ताईंना ते अजून तोंडपाठ आहे. त्यांच्या लेखी सरांचं सगळं त्या एका प्रश्नापासून सुरू होतं.

विषय ताईंनी स्वतः काढला होता. लातूरच्या एका शिक्षण संस्थेनं अभ्यासाची मराठी पुस्तकं इंटरनेटवर खुली करायला सुरुवात केली होती. कुणीही उघडावं, उतरवून घ्यावं, वाचावं, दाम नाही. ताईंचं म्हणणं असं की ग्रंथालयातलं पुस्तक कुणी घरी नेलं ते कळतं, कारण ते काउंटरवरून जातं. खुल्या पुस्तकाला दारच नाही. कोण आलं, कोण गेलं, कसं कळणार? मग लोक त्याच्याविषयी कुठं बोलतात ते बघायचं. फेसबुकवर, ट्विटरवर, यूट्यूबखालच्या शेऱ्यांत. जगभर अशा पद्धतीनं पुस्तकांचा अभ्यास होतो. मराठवाड्यातल्या पुस्तकांचा कुणी केला नव्हता.

मी कोड लिहिला. ज्या सार्वजनिक पोस्टमध्ये पुस्तकाचं नाव किंवा ग्रंथमालेची लिंक असेल ती पोस्ट उचलायची, तारीख लावून ठेवायची. आकडे आले तेव्हा सरांचं 'मराठवाड्यातील जुनी वाचनालये' हे पुस्तक सगळ्यांच्या इतकं पुढं होतं की मला आधी संशय आला आणि नंतर अभिमान वाटला. चारशेच्या वर उल्लेख. दुसऱ्या नंबरच्या पुस्तकाला चाळीससुद्धा नव्हते. शेळ्यांच्या आजारांवरचं एक पुस्तक तर तळाशी पडलं होतं, आणि तेच पुस्तक व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन गावोगाव फिरत असल्याचं आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण व्हॉट्सॲपच्या आतलं आमच्या कोडाला दिसत नव्हतं.

ताईंनी त्या आकड्यांवर एक लेख लिहिला. सरांना तो आवडला. सर या महिन्यात निवृत्त होत होते. विद्यार्थ्यांनी त्यांचा गौरवग्रंथ काढला, त्यात तो लेख पहिल्या पंधरा पानांत घेतला. मथळा होता, 'समाजमाध्यमांवरील सर्वाधिक चर्चित मराठी संशोधनग्रंथ'. गौरवग्रंथ छापून तयार होता. रविवारी लातूरला सभागृहात त्याचं प्रकाशन होतं आणि ताई दोन शब्द बोलणार होत्या.

हे सगळं असं सुरळीत चाललेलं असताना प्रबंध जमा करण्यापूर्वी विद्यापीठात होते त्या चर्चेत बाहेरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "उल्लेख म्हणजे वाचन का?" सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. अहमदपूरला येऊन त्यांनी चारशे पोस्ट एकेक करून वाचायला घेतल्या.

एक वाचली की सगळ्या वाचल्यासारखं होतं. 'आदरणीय गुरुवर्य डॉ. भगवानराव मुसांडे सर यांच्या "मराठवाड्यातील जुनी वाचनालये" या ग्रंथाचे प्रकाशन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा', मग दोन गुलाब, मग लिंक, मग टाकणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. आमच्याकडे हे असंच चालतं. कुणाला नोकरी लागली, कुणाचं पुस्तक आलं, कुणी सभापती झालं की एक जण मजकूर लिहितो. बाकीचे तोच उचलतात, खाली आपलं नाव घालतात आणि आपल्या पानावर लावतात. कुणी लावलं हे फारसं कुणी बघत नाही. कुणी लावलं नाही, हे मात्र लगेच दिसतं.

लिंकसुद्धा तशीच उचलली गेली होती. चारशे जणांनी एकच लिंक लावली होती. ती पुस्तकाची नव्हती, पत्रिकेची होती. आणि हे लावणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्यांनी ती उघडलीच नव्हती.

"पहिली पोस्ट कुणाची हाय ते काढ," ताई फोनवर म्हणाल्या. "कुणी सुरुवात केली ते तर कळू दे. चांगलं झापते त्याला."

मी तारखेनं लावलं. यादीच्या डोक्यावर जे नाव होतं ते मी दोनदा वाचलं.

"ताई, तुमचीच हाय."

पलीकडं त्यांनी स्वतःची पोस्ट उघडून तारीख मोठ्यानं वाचली.

"सर म्हणाले होते," मग त्या म्हणाल्या. "त्या पुस्तकाच्या प्रकाशनात. मी खुर्च्या मोजून राहिले होते. म्हणाले, पंचशीला, ग्रुपवर आणि फेसबुकवर लिंक टाक. मोबाईलात दोन्ही होत्या, पत्रिकेची आणि पुस्तकाची. मी टाकली." मग म्हणाल्या, "आणि मी तरी कुठं उघडून बघितली?"

त्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि चौथं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. अभिनंदन वेगळं काढलं, पुस्तक वाचण्याविषयीचं बोलणं वेगळं काढलं. अभिनंदनाच्या रकान्यात सरांचं पुस्तक पहिलं आलं. दुसऱ्या रकान्यात त्याच्या नावापुढं एक. फक्त एक. शेळ्यांचं पुस्तकसुद्धा त्याच्या वर होतं.

मंगळवारी प्रकरण सरांना ईमेलनं गेलं. उत्तर नाही. बुधवारी ताईंनी फोन केला, सरांनी उचलला नाही. गुरुवारी सरांचाच आला. "उद्या घरी ये. त्या कोडवाल्या पोरालाही घेऊन ये." एवढंच.

मी सकाळी लातूरहून निघालो आणि अहमदपूरला ताई त्याच बसमध्ये चढल्या. त्यांचे यजमान आदर्शभाऊ स्टँडवर सोडायला आले होते. शाळेत शिक्षक आहेत, चेष्टेखोर माणूस. खिडकीतून स्पायरल केलेल्या प्रती आत देत म्हणाले, "सही झाली न्हाई तर परत येऊ नको. सरांच्याच घरी एक वाचनालय काढ, म्हणजे त्यांच्या पुस्तकाला एक प्रकरण वाढंल."

ताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते लगेच म्हणाले, "बरं बरं. जेवून घे मात्र."

लोह्यापर्यंत ताई मांडीवरची प्रत चाळत होत्या. लोहा गेल्यावर म्हणाल्या, "रवी, आकडे जुने ठेवले असते तर आज काही झालं नसतं न्हाई?"

"काहीच झालं नसतं."

"मग तू मला का न्हाई म्हणालास, ठेवा म्हणून?"

"मी म्हणालो होतो ताई. सोमवारी."

"हाव," त्या म्हणाल्या. "म्हणाला होतास."

सरांचं घर नांदेडात तरोडा नाक्याच्या बाजूला. दार यशोदाबाई काकूंनी उघडलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "सकाळपासून पेपरसुद्धा उघडला न्हाई त्यांनी. जरा सांभाळून बोला, पोरी."

सर हॉलमध्ये बसले होते. समोर टेबलावर गौरवग्रंथाची प्रत आणि तिच्याशेजारी चौथ्या प्रकरणाची छापील पानं. पानांवर लाल पेनाच्या खुणा होत्या. मला हायसं वाटलं की वाचलंय तरी. ताई उभ्याच राहिल्या. सरांसमोर त्यांचे विद्यार्थी बसत नाहीत. मीही मग उभा राहिलो.

"लोकांनी पुस्तकाचं नाव घेतलं की न्हाई?" सरांनी नमस्काराच्या आधीच सुरुवात केली.

"घेतलं सर."

"मग उल्लेख झाला की न्हाई?"

"झाला सर."

"मग मोजायचा की न्हाई?"

"मोजलाय सर. अभिनंदनाच्या रकान्यात."

"हा रकाना तू चार दिवसांपूर्वी पाडलास. चार वर्षं न्हवता."

सरांनी गौरवग्रंथ उघडला, ताईंच्या लेखाचं पान काढलं आणि आमच्याकडे फिरवून धरलं. "हे तुझंच हाय ना? सर्वाधिक चर्चित? परवा हे हजार लोकांच्या हातात जाणार. आणि आज मी सही करू की हे सगळं झूट हाय म्हणून?"

"सर, लेख लिहिताना मला माहीत नव्हतं."

"ते कळलं मला." त्यांनी पुस्तक मिटलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "एक काम कर. माझं पुस्तक अभ्यासातून काढून टाक. बाकीची हायेत ना चांगली? त्यांच्यावर कर प्रबंध. मला कायबी वाटणार न्हाई."

"सर, सगळ्यात मोठा आकडाच काढला तर तोंडी परीक्षेत विचारतील का काढला. विचारलं तर सांगावं लागेल."

सर माझ्याकडे वळले. "तुमचं नाव काय?"

"रविकिरण, सर."

"रविकिरण, सॉफ्टवेअरमध्ये चुका होतात की न्हाई?"

"होतात सर. रोज होतात."

"मग एक तळटीप टाका. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीमुळं आधीचे आकडे जास्त आले होते, ते दुरुस्त केले. हिचं काम होईल, माझी इज्जत राहील. तुमचं काय जातंय? तुम्हाला नांदेडात कोण ओळखतंय?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. माझं काही जात नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ दोनच्या पुढं गेलं होतं आणि विद्यापीठ गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी ताईंना म्हणालो, "ताई, टाकू ना तळटीप. चालतंय मला."

"मला न्हाई चालत," ताई म्हणाल्या. "कोड बरोबर हाय सर. त्याला आपण नाव शोध म्हणून सांगितलं, त्यानं नाव शोधलं. त्याला वाच म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी दाराआडून सगळं ऐकलं असावं. ट्रे ठेवता ठेवता त्या अगदी सहज म्हणाल्या, "पण मग एवढ्या लोकांत पुस्तक वाचलं कुणी?"

सर खिडकीकडे बघू लागले. ताईंनी काकूंना सांगितलं, "वाचलेलं कुणी सापडलं न्हाई, पण औश्याच्या एका मुलीनं विचारलं होतं, काकू. तो एक आकडा तिचाच. विशाखा नावाची हाय. तिनं एका पोस्टखाली लिहिलं होतं, सर, लिंक उघडली की पत्रिका येते, पुस्तक कुठं मिळेल?"

"मग? सांगितलं का कुणी?"

"तिघांनी हात जोडले तिला."

"म्हंजे?"

"नमस्काराची खूण असते ना मोबाईलवर, ती टाकली."

काकूंना हसू फुटलं. "आगं बाई! देवळात आल्यासारखं?" आणि सरांच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच त्या हसायच्या थांबल्या आणि आत निघून गेल्या.

चहा कुणी घेतला नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पंचशीला, तू वाचलंस का?"

मला वाटलं, आता हाव म्हणतील आणि संपेल एकदाचं.

"वाचलं सर. या आठवड्यात."

"त्याआधी?"

"प्रस्तावना."

"लेख लिहिलास तेव्हा?"

"तेव्हा प्रस्तावनाच झाली होती."

सर मान हलवत राहिले. रागावलेला माणूस मी बघितलाय, दुखावलेलाही बघितलाय. सर त्या क्षणी यातलं काय होते ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी सात वर्षं गावोगाव हिंडून ते पुस्तक लिहिलं होतं, हे मला नंतर काकूंकडून कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की ते पानांचा गठ्ठा पुढं ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. आम्ही उभे. घड्याळ चालू. लाल पेन एका ओळीवर जाऊन थांबलं.

"'सदर मजकूर व दुवा प्रथम एका वापरकर्त्याने प्रसारित केला,'" सरांनी वाचून दाखवलं. "हा वापरकर्ता कोण?"

ताईंच्या हातातली पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

"सर, संशोधनात लोकांची नावं झाकायची असतात. नियम हाय."

"असू दे. मी विचारून राहिलो, कोण?"

"मी, सर."

"मला माहीत हाय तूच. मीच सांगितलं होतं तुला, लिंक टाक म्हणून. मंगळवारपासून मी हे एकच वाक्य वाचून राहिलो." त्यांनी पान आमच्याकडे फिरवलं. "माझं नाव झाकलंस का तू?"

"पुस्तकाचं नाव तर द्यावंच लागतं सर…"

"पुस्तकाच्या नावावरून माझं नाव कुणाला कळणार न्हाई, असं म्हणून राहिलीस का?"

मी ताईंकडे बघायचं टाळलं. ते वाक्य आम्ही दोघांनी मिळून लिहिलं होतं. मलाही ते तेव्हा नियमाला धरून वाटलं होतं.

"चारशे लोक खोटे ठरले, माझं हसं झालं, ते सगळं सत्य म्हणून लिहिलंस. लिहायलाच पायजे. पण ज्यांनी सुरुवात केली त्या बाईसाहेब तेवढ्या वापरकर्ता?" सर पहिल्यांदाच ताईंकडे सरळ बघत होते. "असल्या प्रकरणावर मी सही करत न्हाई. जुन्यावरही केली असती की नसती ते सोड. पण ह्याच्यावर न्हाई."

मी घड्याळ बघितलं. ताई उभ्या होत्या त्याच जागी होत्या. मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर पिशवी उचलून चालू लागतील. त्या पुढं झाल्या, खुर्ची ओढली आणि सरांसमोर बसल्या.

"रवी, लॅपटॉप काढ."

मी काढला. त्यांनी फाइल उघडली, ते वाक्य शोधलं, खोडलं आणि टाइप करायला लागल्या. सर उठून त्यांच्या मागं येऊन उभे राहिले. पडद्यावर अक्षरं येत गेली. 'सदर मजकूर व पत्रिकेचा दुवा प्रस्तुत संशोधिकेने प्रकाशनाच्या दिवशी अनवधानाने प्रसारित केला. तिनेही तो उघडून पाहिला नव्हता.'

"अनवधानाने काढ," सर म्हणाले.

ताईंचा हात थांबला. "सर, मुद्दाम नव्हतं केलं मी."

"त्या चारशे जणांनी तरी मुद्दाम केलं का? त्यांना कुठं अनवधान दिलंस तू? त्यांच्यापुढं तर तू लिहिलंस, दुवा न उघडता पुढे पाठवला. मग तुलाच का सवलत?"

ताईंनी वर जाऊन चारशे जणांविषयीचं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांनी तो शब्द खोडला. वाक्य एकदम उघडं पडलं. मला ते वाचवेना.

"आता छापून आण," सर म्हणाले.

मी पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पळालो. पुढं स्पर्धा परीक्षेची पोरं रांगेत होती. "भाऊ, पीएच.डी.चा शेवटचा दिवस हाय, एकच पान हाय," असं म्हणालो तर एक जण म्हणाला, "मग एवढी वर्षं काय करून राहिला होतास?" आणि तरी त्यानं मला पुढं जाऊ दिलं. प्रत्येक प्रतीसाठी एक पान काढलं, जुनी स्पायरल काढून तिथंच नवी घातली. हात घामानं चिकट झाले होते, एक पान उलटं बसलं, ते पुन्हा केलं.

परत आलो तेव्हा काकूंनी ताईंपुढं पोळी-भाजीचं ताट ठेवलं होतं आणि ताई खाली मान घालून जेवत होत्या. सरांनी प्रती हातात घेतल्या. प्रत्येक प्रतीतलं ते पान काढून वाचलं. एकच मजकूर, तरी प्रत्येकातलं वाचलं. मग प्रमाणपत्राच्या पानावर सही करायला लागले. सही त्यांची लांबलचक आहे, ग्रंथपालांची असते तशी स्वच्छ, वाचता येणारी. शेवटच्या प्रतीवर सही झाली तेव्हा ताईंनी हात धुतले आणि वाकून नमस्कार केला.

सरांनी पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

"रविवारी लातूरला तू येऊ नकोस," ते म्हणाले.

काकू आतून म्हणाल्या, "अहो, असं काय? लेख हाय तिचा त्यात."

"लेख हाय म्हणूनच. तिला तिथं काय बोलायचं ते कळणार न्हाई. आणि मला काय ऐकायचं ते." मग घड्याळाकडे बघून ते म्हणाले, "निघा. पाचला खिडकी लावतात ते."

रिक्षावाल्यानं वाटेत दोनदा सांगितलं की एवढी घाई असेल तर सकाळी निघायचं असतं. विद्यापीठात पोचलो तेव्हा कारकून काउंटरवरचे कागद आवरत होता. त्यानं प्रती उलटसुलट पाहिल्या, मार्गदर्शकांची सही पाहिली, विभागप्रमुखांच्या आधीच्या शिक्क्यावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "मॅडम, घोषणापत्रावर तुमचीच सही राहिलीय की."

ताईंनी सही केली. कारकुनानं शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल.

बाहेर पायऱ्यांवर बसून ताई पाणी प्यायल्या. त्यांनी आदर्शभाऊंना 'झालं' एवढा एक शब्द पाठवला. कोंडाबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "पास झालीस का?" ताई म्हणाल्या, "अजून न्हाई आई, आता पेपर तपासणार हायेत."

"रवी, 'वापरकर्ता' लिहिलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं की नियम हाय म्हणून लिहून राहिले."

"मलाही तसंच वाटलं होतं ताई."

"तुला वाटलं तर चालतं," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी सरांना फोन लावला. लाउडस्पीकर सुरू नव्हता, पण जवळ बसल्यामुळं मला ऐकू येत होतं.

"सर, जमा झाला."

"बरं."

फोन मात्र चालू होता. तिकडून पंख्याचा आवाज येत होता, काकू कुणाला तरी काही सांगत होत्या. ताईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. सरांनीही बंद केला नाही. मग तिकडून सर म्हणाले, "औश्याच्या त्या मुलीला पुस्तकाची खरी लिंक पाठव," आणि फोन बंद झाला.

ताईंनी पाठवली. पाठवायच्या आधी उघडून बघितली.